जगातला सगळ्यात अवघड पियानो कॉन्चर्टो लिहिणाऱ्यानेच त्याला कात्री का लावली?

४ डिसेंबर १९३९. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. तिथल्या अकॅडमी ऑफ म्युझिक या जुन्या नाट्यगृहात एक उंच, किरकोळ अंगाचा, केस बारीक कापलेला म्हातारा पियानोसमोर बसला होता. वय ६६. शेजारी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा, समोर संचालक यूजीन ऑर्मंडी आणि मधोमध मायक्रोफोन. वाजवायचं होतं ते त्याने स्वतःच तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं संगीत.

त्या संगीताचं नाव पियानो कॉन्चर्टो क्रमांक ३, आणि म्हाताऱ्याचं सर्गेई रखमानिनॉव्ह. हा कॉन्चर्टो जगातल्या सर्वांत अवघड पियानोरचनांपैकी एक मानला जातो. त्याचं नाव काढलं की भले भले वादक सावध होतात. १९९६ साली आलेल्या 'शाइन' या सिनेमातला नायक याच रचनेपायी कोलमडतो, त्यामुळे शास्त्रीय संगीत न ऐकणाऱ्यांच्याही कानावर हे नाव गेलंय.

त्या दिवशी सुरू झालेलं ध्वनिमुद्रण आजही मिळतं. ते लावलं की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. आजचे वादक या रचनेला चाळीसएक मिनिटं घेतात, आणि रखमानिनॉव्ह साधारण चौतीस मिनिटांत संपवतो. तो जलद वाजवतो हे खरंच आहे, पण त्याने मधले काही तुकडे चक्क गाळलेत. आपल्याच रचनेतले. ते वाजवणं त्याला जड जात होतं म्हणून गाळले असं म्हणावं, तर त्याच्याइतके समर्थ हात त्या काळात फार थोड्यांचे होते.

मग त्याने असं का केलं? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

पहाटे सहाचा पियानो

रखमानिनॉव्हचा जन्म १८७३ सालचा, रशियातल्या नोव्हगोरोद प्रांतातला. घर जमीनदाराचं, पण वडिलांनी एकामागून एक जमिनी उधळल्या. कुटुंब सेंट पीटर्सबर्गला भाड्याच्या घरात आलं. तिथे घटसर्पाने एक बहीण गेली, आईवडील वेगळे झाले आणि पोरगा अभ्यासात नापास व्हायला लागला. शाळेतून नाव कमी व्हायची वेळ आली, तेव्हा नात्यातला थोरला भाऊ अलेक्झांडर सिलोटी मदतीला आला. सिलोटी स्वतः नावाजलेला पियानोवादक आणि फ्रान्झ लिस्टचा शिष्य. त्याने सल्ला दिला की या पोराला मॉस्कोला निकोलाय झ्वेरेव्हकडे धाडा.

आपल्याकडच्या गुरुकुलाची कल्पना असेल, तर झ्वेरेव्हचं घर समजायला सोपं जाईल. निवडक मुलं त्याच्या घरीच राहायची. राहण्या-जेवणाचे पैसे तो घेत नसे. सरावाच्या पाळ्या ठरलेल्या आणि पहिली पाळी पहाटे सहाला. आदल्या रात्री नाटकाहून उशिरा परतलात तरी सवलत नाही. रविवारी मात्र याच घरात मॉस्कोतले मोठमोठे संगीतकार जेवायला यायचे आणि मुलांना त्यांच्यासमोर वाजवायला मिळायचं. त्यात खुद्द चायकोव्हस्की असायचा.

या शिस्तीने हात घडला. आयुष्यभर त्याचा सराव कसा असायचा, याची एक आठवण अमेरिकन पियानोवादक अब्राम चेसिन्सने सांगितली आहे. रखमानिनॉव्हच्या दाराबाहेर उभा राहून तो आतला सराव ऐकत होता. सूर इतके संथ येत होते की हे काय चाललंय तेच त्याला कळेना. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. आत शोपँचा एक अतिजलद एत्यूद चालला होता, एकेक सूर सुटा करून.

१८९२ साली कॉन्झर्व्हेटरीचं मोठं सुवर्णपदक घेऊन तो बाहेर पडला. सगळं सुरळीत चाललेलं असताना १८९७ साल उजाडलं. त्याच्या पहिल्या सिंफनीचा सेंट पीटर्सबर्गमध्ये प्रयोग झाला आणि तो साफ पडला. सराव अपुरा होता. संचालक ग्लाझुनोव्ह त्या रात्री प्यायलेला होता, असंही पुढे बोललं गेलं. समीक्षक सेझार क्युईने तर रचनेची पार चिरफाड केली. तेवीस वर्षांच्या रखमानिनॉव्हला प्रयोग संपेपर्यंत सभागृहात थांबवलं नाही. ही सिंफनी त्याच्या हयातीत पुन्हा कधीच वाजली नाही. ती परत ऐकायला मिळाली १९४५ साली, तो गेल्यावर.

त्यानंतर जवळपास तीन वर्षं त्याने नवं मोठं काही लिहिलं नाही. अखेर १९०० साली नातेवाइकांनी त्याला डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे नेलं. दाल संमोहन आणि सूचना या मार्गाने उपचार करत. काही महिने रोज भेटी झाल्या. त्या उपचारांचा नेमका वाटा किती यावर आजही वाद घालता येईल, पण पेशंट पुन्हा लिहायला लागला एवढं खरं. दुसरा पियानो कॉन्चर्टो त्याने डॉक्टरांनाच अर्पण केला आणि तो तुफान गाजला.

मात्र त्या १८९७ च्या रात्रीची भीती पूर्ण गेली नाही. आपलं लिखाण लांबतंय, लोक कंटाळतायत ही शंका त्याला आयुष्यभर पुरली. तिसऱ्या कॉन्चर्टोचं पुढे जे झालं, त्याचं मूळ इथे आहे.

बोटीवरचा मुका पियानो

१९०९ साली त्याला अमेरिकेच्या दौऱ्याचं आमंत्रण आलं. लांबचा प्रवास त्याच्या जिवावर आला होता, पण पैसा चांगला मिळणार होता आणि त्याला मोटार घ्यायची होती. दौऱ्यासाठी नवी रचना हवी, म्हणून त्या उन्हाळ्यात इव्हानोव्का या गावच्या इस्टेटीवर बसून त्याने तिसरा कॉन्चर्टो लिहून काढला.

कॉन्चर्टो म्हणजे एक वादक आणि अख्खा ऑर्केस्ट्रा यांचा जोडीने चालणारा खेळ. रखमानिनॉव्हच्या या कॉन्चर्टोचे तीन भाग आहेत. सुरुवात इतकी साधी की ऐकणारा फसतो. ऑर्केस्ट्रा हलकेच झुलायला लागतो आणि पियानो एक सरळ धून वाजवतो. दोन्ही हात तेच सूर वाजवतात, एका सप्तकाच्या अंतराने. काही वर्षं शिकलेलं पोरही एवढं वाजवेल.

पुढे मात्र सूर दाट होत जातात. ही रचना अवघड आहे ती निव्वळ वेगामुळे, असा गैरसमज असतो. खरी अडचण अशी की एकाच हाताला एकाच वेळी दोन-तीन कामं असतात. करंगळीने धून धरायची, मधल्या बोटांनी दुसरीच ओळ चालवायची, अंगठ्याने तिसरी. वर हाताची ताण मोठी. रखमानिनॉव्हचे पंजे प्रचंड होते. एका सप्तकाच्या पलीकडे आणखी चार-पाच पट्ट्या त्याला सहज गाठता यायच्या, आणि त्याने लिहिलं ते स्वतःच्या मापाने. शिवाय चाळीस मिनिटांत पियानोला उसंत जवळजवळ नाहीच. शेवटच्या भागात, दम संपत आलेला असताना, सगळ्यात जास्त ताकद लागते.

पहिल्या भागात एक जागा अशी येते की ऑर्केस्ट्रा गप्प बसतो आणि वादक एकटाच वाजवतो. तिला कॅडेन्झा म्हणतात. रखमानिनॉव्हने ती दोन प्रकारे लिहून ठेवली. एक हलकी, धावती. दुसरी जड, भल्यामोठ्या स्वरगुच्छांनी रचलेली. निवड वादकाची.

रचना पूर्ण झाली आणि निघायची वेळ आली. सराव झालाच नव्हता. म्हणून त्याने बोटीवर एक मुका कीबोर्ड सोबत घेतला, पट्ट्या दाबल्या तरी आवाज न करणारा. अटलांटिक ओलांडताना जगातला हा अवघड कॉन्चर्टो त्याने आवाजाविना पाठ केला.

२८ नोव्हेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर डॅमरॉशच्या संचालनाखाली पहिला प्रयोग झाला. खरी कसोटी लागली ती १६ जानेवारी १९१० ला कार्नेगी हॉलमध्ये. या वेळी संचालक होता गुस्ताव माहलर, स्वतः थोर संगीतकार. रखमानिनॉव्हने पुढे आठवण सांगितली ती अशी. माहलरने साथीतली एकेक बारीक जागा घासूनपुसून घेतली. सरावाची वेळ कधीच उलटून गेली, तरी वादकांपैकी कुणीही उठलं नाही. साथ म्हणजे दुय्यम काम असं समजणाऱ्या संचालकांचा अनुभव त्याने घेतला होता, त्यामुळे ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली.

तरीही कॉन्चर्टो गाजला असं म्हणता येत नाही. लांबीबद्दल कुरकुर झाली. तो ज्याला अर्पण केला होता त्या योझेफ हॉफमनने, म्हणजे त्या काळच्या अव्वल पियानोवादकाने, तो जाहीर कार्यक्रमात कधीच वाजवला नाही. हॉफमनचे हात लहान होते. त्याच्यासाठी स्टाइनवे कंपनी अरुंद पट्ट्यांचे खास पियानो बनवायची. पण कारण एवढंच नव्हतं. ही रचना आपल्या पिंडाची नाही, असं त्याचं मत होतं. पुढची बरीच वर्षं तिसरा कॉन्चर्टो मुख्यतः त्याच्या कर्त्याच्याच हातात राहिला.

तळघरातली भेट

१९१७ च्या क्रांतीने रखमानिनॉव्हचं सगळं नेलं. इव्हानोव्का गेलं, मिळकत गेली. त्या डिसेंबरात स्कँडिनेव्हियातल्या कार्यक्रमांचं निमित्त साधून बायको नताल्या आणि दोन मुलींना घेऊन तो देशाबाहेर पडला. सोबत थोडंसं सामान आणि काही हस्तलिखितं. रशियात तो पुन्हा कधीच गेला नाही. १९१८ च्या नोव्हेंबरात तो न्यूयॉर्कला उतरला तेव्हा वय होतं ४५, आणि संसार चालवायचा होता. रचना करून पोट भरणार नव्हतं. म्हणून मग या वयात त्याने पूर्णवेळ मैफली वादकाचा पेशा धरला. दुसऱ्यांच्या रचना नव्याने बसवल्या आणि हिवाळेच्या हिवाळे रेल्वेतून गावोगाव हिंडला.

याची किंमत आकड्यांत दिसते. देश सोडेपर्यंत त्याच्या ३९ क्रमांकित रचना झाल्या होत्या. उरलेल्या पंचवीस वर्षांत झाल्या फक्त सहा.

८ जानेवारी १९२८ ला न्यूयॉर्कमध्ये त्याला एक पोरगेला माणूस भेटायला आला. व्लादिमीर होरोविट्झ, कीवचा, वय २४. चारच दिवसांनी त्याचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रम होता. रखमानिनॉव्ह त्याचं दैवत होतं आणि तिसरा कॉन्चर्टो त्याने विद्यार्थी असल्यापासून हातात बसवला होता. स्टाइनवेच्या इमारतीच्या तळघरात दोन पियानो होते. एकावर होरोविट्झ बसला आणि दुसऱ्यावर रखमानिनॉव्ह ऑर्केस्ट्राची साथ वाजवायला लागला. तळघरात तिसरी साथ नव्हती की श्रोता नव्हता. संपेपर्यंत रखमानिनॉव्ह थक्क झाला होता.

पुढे होरोविट्झनेच हा कॉन्चर्टो जगभर नेला. १९३० च्या डिसेंबरअखेर लंडनमध्ये अल्बर्ट कोट्सच्या संचालनाखाली त्याने तो ध्वनिमुद्रित केला. या रचनेचं हे पहिलंच ध्वनिमुद्रण. म्हणजे कर्ता हयात, स्वतः उत्तम वादक, रेकॉर्ड कंपनीशी त्याचा करार, आणि पहिली रेकॉर्ड दुसऱ्याची! रखमानिनॉव्हला स्वतःची रेकॉर्ड करायला आणखी नऊ वर्षं लागली. होरोविट्झच्या वाजवण्याची त्याने इतकी तारीफ केली की ती रचना आता आपल्यापेक्षा त्याचीच जास्त, असा अर्थ लोकांनी काढला.

चार मिनिटांची तबकडी

आता त्या १९३९ च्या दिवसाकडे वळू. त्या काळी संपादन नावाची गोष्ट नव्हती. सूर थेट मेणाच्या तबकडीवर कोरले जायचे. मोठ्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची. आपल्याकडच्या गवयांनी तर याहून लहान तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवले, त्यामुळे ही कसरत मराठी रसिकाला नवी नाही. पण इथे एकच सलग रचना तुकड्या-तुकड्यांनी वाजवायची होती. चार मिनिटं वाजवायचं, थांबायचं, मेण बदललं की त्याच लयीत, त्याच आवेशात पुढचा तुकडा उचलायचा. एक सूर घसरला तर अख्खी बाजू पुन्हा.

त्यात हे काम एका बैठकीत उरकलं नाही. उरलेलं मुद्रण झालं २४ फेब्रुवारी १९४० ला, म्हणजे जवळपास बारा आठवड्यांनी. आज आपण जे एका दमात ऐकतो, त्यात हिवाळ्याचा मोठा तुकडा मधे गेलेला आहे. याच दोन तारखांना त्याने पहिला कॉन्चर्टोही मुद्रित केला.

रखमानिनॉव्हला हे जाचक वाटत होतं का? उलट. सुरुवातीला त्याला मायक्रोफोनची धास्ती होती, पण न आवडलेली तबकडी फेकून पुन्हा वाजवता येते, ही सोय त्याला फार पटली होती. रेडिओवर मात्र त्याने आपले कार्यक्रम प्रक्षेपित होऊ दिले नाहीत. तिथे चूक सुधारता येत नाही आणि आवाजही नीट पोहोचत नाही, असं त्याचं म्हणणं. या हट्टामुळे त्याच्या हातचा तिसरा कॉन्चर्टो आपल्याकडे उरला तो एवढाच, तबकडीवरचा.

मग कात्री तबकडीमुळे लागली का? सोपं उत्तर हेच दिलं जातं, पण ते पुरत नाही. जागा कमी पडली असती तर आणखी एक तबकडी वाढवता आली असती. शिवाय मंचावर, जिथे तबकडीचा प्रश्नच नव्हता, तिथेही तो आपल्या रचना कापायचा. दुसरी सिंफनीही अशीच वर्षानुवर्षं कापून वाजवली गेली आणि त्याला त्याची संमती होती.

सगळ्यात बोलका पुरावा १९३१ चा आहे. कोरेलीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका धुनेवर त्याने वीस छोटे आविष्कार लिहिले होते. मित्र आणि संगीतकार निकोलाय मेड्टनर याला त्याने पत्रातून कळवलं की मैफलीत कोणता आविष्कार गाळायचा हे तो लोकांच्या खोकल्यावरून ठरवतो. खोकला वाढला की पुढचा गाळायचा, खोकला थांबला की ओळीने वाजवायचं. एका छोट्या गावात तर निम्मेच वाजवून झाले. न्यूयॉर्कला अठरापर्यंत मजल गेली, तोच उच्चांक. पत्राचा सूर गमतीचा आहे. पण वीस ओळीने कधी वाजलेच नव्हते, हे त्यातून कळतंच.

तिसऱ्या कॉन्चर्टोची रेकॉर्ड या नजरेने ऐकली की उलगडा होतो. तो जड कॅडेन्झाऐवजी हलका घेतो. रेंगाळावं अशा जागी तो पुढे सरकतो. जिथे एखादा तुकडा वळण घेऊन परत येतो, तिथे ते वळणच काढून टाकलेलं. एरवी त्याचं मत असं होतं की प्रत्येक रचनेला एक शिखर असतं आणि वादकाने सगळा हिशोब त्या एका क्षणासाठी ठेवायचा. ते शिखर या रेकॉर्डमध्ये लख्ख आहे. फक्त तिथवर जाताना श्रोता कंटाळेल या काळजीने वाटच आखूड केली आहे. वाजवणारा पूर्ण विश्वासाने वाजवतोय, आणि लिहिणाऱ्याला मात्र स्वतःच्या लिखाणाची खात्री नाही. माणूस एकच.

पुढे काय झालं?

कर्त्यानेच गाळलं म्हटल्यावर इतरांना परवानगीच मिळाली. पुढची बरीच वर्षं अनेक वादक हा कॉन्चर्टो कापूनच वाजवत राहिले.

ऑगस्ट १९४२ मध्ये होरोविट्झने लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या नाट्यगृहात तो वाजवला, तेव्हा रखमानिनॉव्ह श्रोत्यांत होता. वाजवणं संपल्यावर तो मंचावर गेला आणि आपला कॉन्चर्टो असाच वाजावा हे आपलं स्वप्न होतं, अशा अर्थाचं काहीतरी सगळ्यांसमोर बोलला. एरवी हा माणूस लोकांपुढे फारसा बोलायचा नाही. काही महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १९४३ ला टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. अंगात कॅन्सर पसरला होता. २८ मार्चला, सत्तरावा वाढदिवस चार दिवसांवर असताना, बेव्हर्ली हिल्सच्या घरी तो गेला.

चित्र बदललं ते १९५८ साली, आणि तेही मॉस्कोत. शीतयुद्ध ऐन भरात असताना तिथे पहिली चायकोव्हस्की स्पर्धा झाली आणि टेक्सासचा २३ वर्षांचा व्हॅन क्लायबर्न ती जिंकला. अंतिम फेरीत त्याने हाच कॉन्चर्टो वाजवला होता. रशियातून बाहेर पडलेल्या माणसाची रचना एका अमेरिकन पोराने रशियाला परत ऐकवली, आणि त्याने घेतला होता तो जड कॅडेन्झा. मे महिन्यात न्यूयॉर्कला परतल्यावर कार्नेगी हॉलमध्ये तो पुन्हा वाजला आणि त्या मैफलीची रेकॉर्ड निघाली. आज पूर्ण रचना वाजवणं हाच रिवाज झालाय. चाळीस मिनिटं लोक बसतात, खोकतात, आणि शेवटी उभे राहतात.

दोन्ही रेकॉर्ड इंटरनेटवर सहज सापडतात. वेळ कमी असेल तर प्रत्येकीतला पहिला भाग तरी ऐका. सुरुवातीची ती साधी धून रखमानिनॉव्ह अजिबात न नटवता, जवळजवळ घाईने सांगून टाकतो. क्लायबर्न ती निवांत, गाण्यासारखी म्हणतो. मग ऑर्केस्ट्रा गप्प झाला की कान टवकारा. एकीकडे पाण्यासारखा धावणारा कॅडेन्झा आहे आणि दुसरीकडे दगडावर दगड रचत जाणारा. दोन्ही एकाच माणसाने, एकाच उन्हाळ्यात, इव्हानोव्कात बसून लिहिलेले आहेत.